दुरुस्ती यादीत, पत्रात नव्हे
संस्थेचे दप्तर आणि संगणक : लेखांक 6

मागच्या आठवड्यात आपण लिब्रेऑफिस रायटरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीचा मसुदा केला. आता तीच नोटीस प्रत्येक सभासदाच्या नावाने, सदनिका क्रमांक आणि थकबाकीसह काढायची आहे. सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची, नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यायची, त्यामुळे सचिवांची धावपळ ऑगस्टमध्येच सुरू होते. अशा वेळी जुन्या पत्रातले नाव खोडून नवे टाइप करत बसलात, की एकाची थकबाकी दुसऱ्याच्या दारात गेलीच म्हणून समजा. यावर उपाय मेल मर्जचा.

सभासदांची यादी कॅल्कमध्ये करा. पहिल्या ओळीत फक्त मथळे : सदनिका, संबोधन, नाव, थकबाकी. वर संस्थेचे नाव नको, मध्ये रिकामी ओळ नको, जोडलेले सेल तर नकोतच. मग फाइल मेनूतल्या विझार्ड्समधून अ‍ॅड्रेस डेटा सोर्स उघडा, स्प्रेडशीट हा प्रकार निवडून यादीची फाइल दाखवा. रायटरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एफ4 एकदम दाबले की यादी पत्राच्या वर दिसू लागते. रकान्याचा मथळा ओढून मसुद्यात हव्या त्या जागी सोडायचा, एवढेच.

इथे बरेच जण अडतात. त्या वरच्या चौकटीत आडनावाची चूक दिसते, पण सुधारायला जावे तर अक्षर उमटत नाही. बिघाड काही नाही. स्प्रेडशीटमधून आलेली माहिती रायटर फक्त वाचतो. दुरुस्ती कॅल्कमध्ये करा, फाइल सेव्ह करा आणि रायटरमध्ये येऊन रिफ्रेश करा. तरीही जुनेच नाव दिसले तर रायटर बंद करून पुन्हा उघडा. मला हे बंधन सोयीचे वाटते. सदनिका विकली गेली, नवे सभासद आले, तर बदल एकाच जागी होतो आणि नोटीस, स्मरणपत्र, पाकिटावरचा पत्ता सगळीकडे तोच जातो.

सर्वांत जास्त त्रास सदनिकेच्या रकान्यात होतो. वरच्या ओळींत 101, 102 असे नुसते आकडे आणि खाली कुठेतरी ‘दुकान 1’ असेल, तर वरचे आकडे बघून रायटर अख्खा रकाना आकड्यांचा धरतो आणि दुकानदाराच्या नोटिशीत ती जागा कोरी येते. भागपत्राचा क्रमांक 007 असेल तर कॅल्क त्याचा 7 करून टाकतो. म्हणून असे रकाने निवडून त्यांचे फॉरमॅट आधी टेक्स्ट करा आणि मग टाइप करा. आधीच भरलेले आकडे नुसते फॉरमॅट बदलून सुधारत नाहीत, ते पुन्हा भरावे लागतात.

मराठी मसुद्यात आणखी एक पथ्य पाळा. यादीतले नाव पत्रात जसेच्या तसे उतरते, त्याला प्रत्यय लावायला गेलात तर ‘सावंतला’ असे काहीतरी छापून येईल. नावापुढे ‘यांस’ किंवा ‘यांच्याकडे’ लिहिले की कोणतेही नाव चपखल बसते. श्री., श्रीमती, डॉ. यांसाठी वेगळा रकाना ठेवलाच आहे.

शेवटी प्रिंट म्हटले की रायटर फॉर्म लेटर छापायचे का, असे विचारतो. हो म्हणा, पण पहिल्या खेपेला प्रिंटरऐवजी फाइल निवडा. सगळी पत्रे एकाच फाइलमध्ये येतात. ती वरपासून खालपर्यंत चाळा. चूक सापडली तर त्या फाइलमध्ये हात घालू नका, यादीकडे परत जा.

यादीची फाइल एकदा जोडली की दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवू नका, नावही बदलू नका, नाहीतर जोडणी तुटते. पुढच्या आठवड्यात याच यादीतून पाकिटांवरची लेबले काढू. तोवर आपल्या संस्थेची यादी भरून तयार ठेवा.