विकिपीडियावर पहिल्यांदाच लिहिताय? ही मोजकी चिन्हे आधी समजून घ्या

आपल्या गावाची माहिती मराठी विकिपीडियावर असावी, या हौसेने कोणी मोबाइलवर तासभर टाइप करतो. बदल प्रकाशित केल्यावर मात्र इतिहास, शाळा, यात्रा असे सगळे एकाच सलग ठोकळ्यात दिसते. मजकूर कोणी वाचत नाही आणि नवा लेखक हिरमुसतो. चूक मात्र किरकोळ असते. मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे. त्यावरील मजकुराची मांडणी काही साध्या चिन्हांवर चालते.

नवा परिच्छेद कसा करायचा?
एकदा एंटर दाबून परिच्छेद बदलत नाही. मध्ये एक ओळ पूर्ण रिकामी सोडावी लागते. ओळीच्या सुरुवातीला स्पेसही देऊ नका. ती दिली, तर ती ओळ वेगळ्याच चौकटीत दिसते.

मथळा की ठळक अक्षरे?
मथळा देण्यासाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बरोबरची चिन्हे द्या: == इतिहास ==. उपमथळ्यासाठी तीन-तीन. अक्षरे नुसती ठळक केली, तर ती डोळ्यांना मथळ्यासारखी दिसतात. पण अनुक्रमणिकेत येत नाहीत.

ठळक आणि तिरप्या अक्षरांचे काय?
दोन्ही बाजूंना तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हे दिली की अक्षरे ठळक होतात, दोन-दोन दिली की तिरपी. चिन्हे सरळ हवीत. काही मोबाइल कीबोर्ड ती आपोआप वाकडी करतात, मग उपयोग होत नाही. दुहेरी अवतरणचिन्हही इथे चालत नाही.

व्हॉट्सॲपची सवय नको
व्हॉट्सॲपवर तारांकनाने अक्षरे ठळक होतात. विकीवर ओळीच्या सुरुवातीला * दिले, तर यादीचा ठिपका येतो. क्रमांकित यादीसाठी # वापरतात.

दुवा देताना मराठीतली अडचण
दुसऱ्या लेखाचा दुवा दुहेरी चौकटी कंसात देतात: [[पुणे]]. पण वाक्यात आपण ‘पुण्यात’ लिहितो. अशा वेळी आधी लेखाचे नाव, मग उभी रेघ आणि त्यानंतर वाक्यातला शब्द द्यावा: [[पुणे|पुण्यात]]. शोधलेल्या नावाचा लेखच नसेल, तर दुवा लाल दिसतो.

बिघडले तर?
घाबरू नका. प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात राहतो आणि जुनी आवृत्ती परत आणता येते. तरीही जतन करण्याआधी झलक पाहावी. सरावासाठी ‘धूळपाटी’ हे खास पान आहे, तिथे हवे तेवढे गिरवा. बटणे असलेला संपादकही आहे. पण चिन्हे ओळखता आली, तर दुसऱ्याचे विस्कटलेले पानही सावरता येते.