मधुमेह आहे, प्रवासाला निघायचे आहे

सांगली-कोल्हापूरकडून म्हैसूर-कोडगूच्या सहली निघतात, त्यांत बैलकुप्पे हा ठरलेला थांबा असतो. म्हैसूरहून सुमारे 80 किलोमीटरवर, कुशालनगरच्या अलीकडे, 1960 नंतर वसलेली ही तिबेटी वसाहत. तिथल्या नामद्रोलिंग मठाचे सोनेरी मंदिर पाहायला सगळे उतरतात, बाहेर चपला काढतात आणि आत जातात.

समजा, त्या गाडीत तुम्ही आहात. वय 58, सहा वर्षांपासून मधुमेह, रोज दोन गोळ्या. उन्हाने तापलेल्या फरशीवरून तुम्ही अनवाणी चालता. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे चटका कळत नाही. रात्री तळपायाला फोड दिसतो. तिसऱ्या दिवशी मडिकेरीत पाय सुजतो, ताप चढतो आणि तुम्हाला म्हैसूरच्या रुग्णालयात भरती करावे लागते. पाच दिवसांचे बिल होते, समजा, 70,000 रुपये.

हे बिल कोण भरणार? ‘सहलीच्या पैशांत विमा आहे’ असे तुम्हाला सांगितले होते. पण पॉलिसीत लिहिलेले असते की आधीपासूनचे आजार आणि त्यांची थेट गुंतागुंत यांचा खर्च मिळणार नाही. पायाची चिघळलेली जखम ही मधुमेहाची गुंतागुंत ठरली, तर 70,000 रुपये तुमच्या मुदत ठेवीतून जातात.

म्हणून मधुमेह असलेल्याने प्रवासापूर्वी ‘विमा आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘माझ्या मधुमेहामुळे रुग्णालयात जावे लागले, तर या विम्यातून खर्च मिळेल का?’ हे विचारावे.

45 पैसे आणि 20 रुपये कशासाठी?

रेल्वेचे ई-तिकीट काढताना प्रवासीमागे 45 पैशांत विमा घेता येतो. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 10 लाख रुपये आणि जखमी होऊन रुग्णालयात राहावे लागल्यास 2 लाखांपर्यंत खर्च, असे त्याचे संरक्षण आहे. तो जरूर घ्या आणि वारसदाराचे नाव भरायला विसरू नका.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तुमच्या बँक खात्यातून वर्षाला 20 रुपयांत मिळते. वय 18 ते 70. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, अंशतः कायम अपंगत्वाला 1 लाख. मुदत 1 जून ते 31 मे. मधुमेह असला तरी ही योजना घेता येते.

पण हे दोन्ही अपघाताचे विमे आहेत. साखर एकदम खाली जाऊन चक्कर आली, जखम चिघळली किंवा हृदयविकाराचा झटका आला, तर यांतून काही मिळत नाही. विम्याच्या भाषेत अपघात म्हणजे बाहेरच्या, दिसणाऱ्या आणि जोरदार कारणाने अचानक घडलेली घटना. आजार त्यात बसत नाही.

‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे काय?

आरोग्य विम्यात, पॉलिसी घेण्याच्या आधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला किंवा ज्यावर उपचार सांगितला वा घेतला असा आजार म्हणजे आधीपासूनचा आजार. मधुमेहाची गोळी चालू असेल तर तुमचा मधुमेह यातच मोडतो. साखर आटोक्यात आहे म्हणून तो यातून सुटत नाही.

याचा अर्थ विमा अगदीच निरुपयोगी असा नाही. प्रवासात पाय घसरून हाड मोडले किंवा डेंग्यू झाला, तर त्याचे कारण मधुमेह नाही. तो दावा वेगळा पाहिला जातो. साखर कमी-जास्त होणे, पायाची जखम, मूत्रपिंडाचा त्रास यांसारख्या बाबींवर मात्र कंपनी मधुमेहाचे कलम लावू शकते.

देशातल्या प्रवासाला सर्वांत स्वस्त मार्ग

भारतातल्या भारतात फिरायचे असेल तर तुमचा वर्षभराचा आरोग्य विमाच सहसा सर्वांत चांगला प्रवासविमा असतो. इचलकरंजीत घेतलेली पॉलिसी साधारणपणे म्हैसुरातही चालते. पुढील मार्ग क्रमाने तपासा.

1. आयुष्मान कार्ड. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, प्रतीक्षा नाही. 70 वर्षे व त्यावरील नागरिकांना 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता ही योजना खुली झाली आहे. उपचार फक्त योजनेतील रुग्णालयांत होतात, म्हणून निघण्यापूर्वी 14555 या क्रमांकावर विचारा: ‘मी जाणार आहे त्या भागात माझे कार्ड कोणते रुग्णालय घेते?’ उत्तर कागदावर लिहून घ्या.

2. नोकरीतला किंवा मुलाच्या कंपनीतला सामूहिक विमा. अनेक सामूहिक पॉलिसींत आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा नसते आणि काहींत आईवडिलांचाही समावेश असतो. मुलाला एकदा विचारा. तुमचे नाव त्यात आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

3. स्वतःचा आरोग्य विमा. यात मधुमेहासाठी प्रतीक्षा काळ असतो. विमा नियामकाने 1 एप्रिल 2024 पासून त्याची कमाल मर्यादा 48 वरून 36 महिन्यांवर आणली. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन तो आणखी कमी करतात. पॉलिसी दर वर्षी खंड न पाडता चालू ठेवली तरच हे महिने मोजले जातात. कंपनी बदलायची असल्यास नवीन पॉलिसी काढू नका, ‘पोर्टेबिलिटी’ मागा. मग झालेले महिने फुकट जात नाहीत. त्यासाठी मुदत संपण्याच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करा.

पॉलिसी नसेल तर ‘आरोग्य संजीवनी’चा हप्ता विचारा. ही नियामकाने ठरवून दिलेली सर्वसाधारण पॉलिसी आहे. अटी सर्व कंपन्यांत सारख्या, त्यामुळे हप्त्याची तुलना सोपी जाते. मधुमेहामुळे कंपनी तपासण्या सांगू शकते किंवा जादा हप्ता मागू शकते, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. हिच्यात मंजूर रकमेच्या 5 टक्के वाटा आपल्याला भरावा लागतो.

आता वरचे उदाहरण पुन्हा पाहा. तुमची अशी पॉलिसी चार वर्षे चालू आहे, मधुमेह लिहून दिलेला आहे आणि प्रतीक्षा संपलेली आहे. 70,000 रुपये पूर्ण मंजूर झाले, तर तुमचा वाटा 3,500 रुपये. खोलीभाड्याच्या मर्यादेमुळे किंवा न मिळणाऱ्या बाबींमुळे थोडी भर पडू शकते. तरी मुदत ठेव मोडावी लागत नाही.

प्रवासविमा घ्यायचाच असेल तर

प्रतीक्षा संपलेली नसेल, तर थोड्या दिवसांच्या प्रवासविम्याचा विचार करा. काही पॉलिसी आधीपासूनच्या आजारातही जिवावर बेतल्यास ठरावीक रकमेपर्यंत तातडीचा खर्च देतात. ही रक्कम एकूण विमा रकमेहून बरीच कमी असू शकते. म्हणून मुखपृष्ठावरचा आकडा पाहून समाधान मानू नका. कंपनीला ई-मेलने असे विचारा:

‘मला मधुमेह आहे व मी अमुक औषधे घेतो. प्रवासात साखर अचानक खाली गेली किंवा पायाची जखम चिघळली, तर रुग्णालयाचा खर्च मिळेल का? किती रकमेपर्यंत? सुरुवातीला किती रक्कम मला भरावी लागेल?’

लेखी उत्तर जपून ठेवा. प्रतिनिधी तोंडी ‘सगळे मिळते’ म्हणाला तरी दाव्याच्या वेळी कागदच पाहिला जातो. पॉलिसीसोबत थोडक्यात माहिती देणारे ग्राहक माहिती पत्रक मिळते, ते मराठीतून मागा. सहल कंपनीने विमा दिला असेल तर तुमच्या नावाचे विमा प्रमाणपत्र मागा.

हप्ता कमी करायचा असेल तर सामान हरवणे, सहल रद्द होणे अशी संरक्षणे कमी करा. वैद्यकीय संरक्षण कमी करू नका. बॅग गेली तर काही हजारांचे नुकसान होते. रुग्णालयाच्या बिलात वर्षांची बचत जाऊ शकते.

मधुमेह लपवू नका

‘फॉर्मवर लिहू नका, हप्ता वाढेल’ असा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका. रुग्णालयात गेल्यावर पहिला प्रश्न डॉक्टर विचारतात, ‘साखर आहे का?’ तुम्ही खरे सांगता, ते केसपेपरवर उतरते आणि तो केसपेपर कंपनीकडे जातो. माहिती लपवल्याचे दिसले तर दावा नाकारला जाऊ शकतो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. वाचवलेला थोडासा हप्ता मग फार महाग पडतो.

फॉर्म दुसऱ्याने भरला तरी सही तुमची असते. सही करण्यापूर्वी आजारांचा रकाना वाचा. पॉलिसी हाती आल्यावर त्यात मधुमेह नोंदला आहे का ते पाहा. वर्षाच्या आरोग्य पॉलिसीत न पटल्यास ती परत करायला 30 दिवस मिळतात.

मुलांकडे परदेशी जाताना

इथला नेहमीचा आरोग्य विमा साधारणपणे भारताबाहेर चालत नाही. तिथे प्रवासविमा लागतोच. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोचे वैद्यकीय संरक्षण दाखवावे लागते. अमेरिकेत उपचार फार महाग असल्याने तिथला हप्ताही जास्त असतो. दुबई किंवा सिंगापूरला जायचे असेल तर ‘अमेरिका-कॅनडा वगळून’ असलेली योजना मागा, ती स्वस्त पडते. वय, दिवस आणि देश यांवर हप्ता ठरतो, म्हणून तारखा नक्की करून मगच तुलना करा. वरचे ई-मेलमधले प्रश्न इथेही तसेच विचारा. रोजची औषधे आणि नेहमीची तपासणी यांचा खर्च प्रवासविम्यात सहसा मिळत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पुरेशी औषधे हातातल्या पिशवीत ठेवा.

निघण्यापूर्वी आणि गरज पडल्यास

पॉलिसीचा क्रमांक, कंपनीचा मदत क्रमांक, आयुष्मान कार्ड, औषधांची यादी आणि डॉक्टरांची अलीकडची चिठ्ठी एका पाकिटात ठेवा. त्याचे फोटो सोबतच्या माणसाच्या मोबाइलमध्येही असू द्या. बेशुद्ध माणूस पॉलिसी क्रमांक सांगू शकत नाही. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक महाराष्ट्रात चालतो तसा कर्नाटकातही चालतो.

भरती व्हावे लागले तर कंपनीला लगेच कळवा. तातडीच्या भरतीत 24 तासांच्या आत कळवण्याची अट अनेक पॉलिसींत असते. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असे नियामकाने 2024 मध्ये कंपन्यांना सांगितले आहे. कॅशलेस मिळाले नाही तर मूळ बिले, चिठ्ठ्या आणि अहवाल घरी घेऊन या. झेरॉक्सवर दावा अडतो.

दावा नाकारला तर लेखी कारण मागा आणि आधी कंपनीकडे तक्रार करा. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ व्यवस्थेत 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कंपनीने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

एवढे करूनही काही खर्च आपल्यालाच करावा लागतो. त्यासाठी सहलीचे पैसे साठवता तसे आवर्ती ठेवीत वेगळे 500 रुपये महिना टाका. वर्षाला 6,000 रुपये आणि वर व्याज. आपला 5 टक्के वाटा, औषधे, सोबतच्या माणसाचे जेवण-राहणे यातून निघते. सहल सुखरूप झाली तर तीच रक्कम पुढच्या वर्षीच्या विम्याच्या हप्त्याला कामी येते.

आणि बैलकुप्पेला चपला काढाल तेव्हा पायात जाड मोजे राहू द्या. रात्री झोपण्यापूर्वी तळपाय पाहा.