आजीचे गुडघे, आपली तिशी

आमची आजी गिरगावात, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. लग्न होऊन आली तेव्हा भरलेली कळशी घेऊन ती हे जिने चढायची. गेल्या वर्षी मात्र डॉक्टरकडे जायचं असेल तरच उतरायची. बाकी सगळा व्यवहार गॅलरीतून सोडलेल्या दोरीच्या पिशवीवर. ‘पाय साथ देत नाहीत गं,’ एवढंच म्हणायची.

तुम्ही म्हणाल, हा विषय आमच्यासमोर कशाला? आम्ही तर अजून यंग! पण बॉस, शरीराचा उतार साठीची वाट बघत नाही. फुप्फुसांची ताकद पंचविशीच्या आसपास सर्वाधिक असते. हाडांची शिल्लक तिशीपर्यंत जमते, पुढे फक्त खर्च. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो.

कामाचा हिशेब

लालबाग-परळमध्ये या उतारात कामाचीही भर पडली. गिरणीत साचेखात्याच्या खडखडाटानं कान गेले, कापसाच्या धुळीनं छाती भरली. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. त्याच गिरण्यांच्या जागेवरच्या एसी ऑफिसात आपण दहा-दहा तास खुर्चीला चिकटून असतो. धूळ नाही, आवाज नाही. पण हालचालही नाही!

जिना सुटला की...

जिना सुटला की फक्त व्यायाम जात नाही, माणसं जातात. देवळातल्या मैत्रिणी, भाजीवाल्याशी घासाघीस, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरच्या गप्पा. मग मन खचतं, भूक मंदावते, हालचाल आणखी कमी होते आणि पाय आणखी दुबळे होतात.

पण हे चक्र उलटं फिरवता येतं. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधल्या एका छोट्या अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या आजी-आजोबांकडून आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम करून घेतले. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली!

आजीला फिजिओथेरपिस्टनं साधा व्यायाम दिला: हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, बसायचं. सुरुवातीला तीनदा, मग दहादा. तीन महिन्यांनी ती माझा हात धरून एक मजला उतरली, दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे. दोघी दोन तास बोलत होत्या. चहा मलाच करावा लागला.

आजपासून एवढं कराच

• आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला.
• आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा.
• घरातल्या ज्येष्ठांना डॉक्टरांना विचारून तोल सांभाळायचे व्यायाम द्या. पडण्याचा धोका कमी होतो.
• लिफ्ट असली तरी दोन मजले जिन्यानं. आणि रविवारी आजीला खाली न्यायला विसरू नका!