सोरायसिसवर चक्क कॅन्सरची गोळी?

समजा, वसमतच्या मेडिकलमधून सोरायसिसची गोळी आणली आणि मेथोट्रेक्सेट हे नाव गूगल केलं. समोर आलं, 'कॅन्सरचं औषध'! घाबरू नका. कॅन्सरचा डोस बराच मोठा असतो. सोरायसिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती त्वचेवर उलटते, तिला आवरायला छोटा डोस पुरतो.

गंमत म्हणजे याची मुळं मुंबईत आहेत. 1928 नंतर लुसी विल्स यांनी इथल्या गरोदर बायकांच्या ॲनिमियाचा अभ्यास केला. यीस्टमधून गुण देणारं जे द्रव्य सापडलं, तेच पुढे फोलेट ठरलं. ही गोळी नेमकं फोलेटचंच काम अडवते, म्हणून पोटातल्या बाळाला घातक. मूल हवंय, वंध्यत्वाचे उपचार चालू आहेत? डॉक्टरांना आधीच सांगा, पुरुषांनीसुद्धा.

आणि सोरायसिससाठी ही आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने जीव गेलेत.