वाहत्या पाण्यात उभे राहू नका



आम्ही कृषी महाविद्यालयात एका खोलीत राहिलेले चार मित्र. दर हिवाळ्यात दोन दिवस एकत्र जमतो. पूर्वी कोणाच्या तरी शेतावर हुरडा खायला जमत असू. गेली सहा वर्षे रायगड जिल्ह्यात कोलाडला जातो आणि कुंडलिका नदीच्या खळाळांत होडी वल्हवतो. "पन्नाशी उलटल्यावर हे काय सुचले?" असे घरून विचारून झाले आहे. आपल्यालाही तसेच वाटेल. पण या मौजेत मला एक गोष्ट समजली, ती आपल्या कामाची आहे म्हणून हा लेख.

प्रथम नदीविषयी. कोकणातल्या नद्या पावसाळ्यात धो धो वाहतात आणि फाल्गुनापर्यंत त्यांचे गोटे उघडे पडतात. कुंडलिका मात्र उन्हाळ्यातही वाहते, कारण तिच्यातले बरेचसे पाणी घाटावरचे आहे. मुळा नदी खरे तर पूर्वेकडे जाणारी. तिच्यावर मुळशीला धरण बांधले आणि पाणी बोगद्यांतून व नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथील वीजघरात सोडले. तेथे १९२७ साली वीज सुरू झाली. ज्यांची भातखाचरे त्या तलावाखाली गेली, त्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह केला, हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना ठाऊक असेल. होडीत बसताना मला दरवेळी त्या खाचरांची आठवण होते. वीज करून झाल्यावर हेच पाणी रवाळजे येथून कुंडलिकेत सुटते, खळाळांतून धावते आणि पुढे डोलवहाळ बंधाऱ्यावरून कालव्यांत वळून उन्हाळी भाताला मिळते. एकच पाणी, पण किती कामे करते पाहा!

सकाळी पाणी सुटले की होड्या निघतात. राफ्ट म्हणजे हवा भरलेली रबरी होडी. तिच्या कडेवर सात-आठ जण बसून वल्ही मारतात. कयाक ही एकट्याची, अरुंद, वरून झाकलेली होडी. तिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात आणि ती हां हां म्हणता उलटते. बरोबरचे वाटाडे जवळपासच्या गावांतलेच तरुण आहेत. ते पाणी असे वाचतात, जसे आपण पिकाचे पान वाचतो. गुळगुळीत पाण्याची जीभ निमुळती होत खाली गेली असेल तर ती वाट. टोक वरच्या अंगाला असेल, तर तेथे पाण्याखाली खडक आहे असे समजावे. मोठ्या खडकाच्या आडोशाला पाणी उलटे, वरच्या दिशेला फिरते. तेथे होडी शिरवली की दम खायला जागा मिळते.

तिसऱ्या वर्षी माझी कयाक उलटली. मी बाहेर निघालो. अंगात तरंगण्याचे जाकीट होते आणि पाणी तर कमरेएवढेच. अशा वेळी आपण काय करू? पाय टेकून उभे राहू. मीही तेच केले. तोच काठावरून वाटाड्या ओरडला, "काका, पाय वर! उभे राहू नका!" तोवर उजवा पाय दोन गोट्यांच्या फटीत गेला होता. मागून पाण्याचा असा रेटा आला की मी पुढे वाकलो आणि तोंड पाण्यात गेले. बूट सुटला म्हणून पाय निघाला. तो बूट अजून कुंडलिकेतच आहे.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. म्हणून वाहून जाताना उताणे व्हावे, पाय खालच्या दिशेला आणि पृष्ठभागावर ठेवावेत, हातांनी तिरपे काठाकडे सरकावे. पाणी संथ आणि गुडघ्याखाली आले की मगच उभे राहावे. पाण्यात पडलेले झाड किंवा काटेरी तारेचे कुंपण दिसले तर दुरूनच टाळावे. त्यातून पाणी जाते, माणूस अडकतो.

दुपारी जेवताना मी त्या वाटाड्याला एक जुनी गोष्ट विचारली. माझा चुलतभाऊ आमच्या गावच्या कोल्हापुरी बंधाऱ्याखाली बुडाला, त्याला तीस वर्षे झाली. बरगे घातलेले होते आणि परतीच्या पावसाने त्यांवरून फूट-दीड फूट पाणी जात होते. वासरू पडले म्हणून याने उडी मारली. पट्टीचा पोहणारा, पण सुटला नाही. गावात म्हणाले, तेथे काही तरी आहे, ते ओढून नेते. मी बी.एस्सी. झालेला, तरी माझ्यापाशी दुसरे उत्तर नव्हते.

त्या पोराने ताटातल्या आमटीत बोट फिरवून दाखवले. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळाला जाते आणि पुढे वर उसळते. त्यातले काही पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडेच परत येते. ओंडका असो की माणूस, तो त्या फेऱ्यात गरगरत राहतो. पाणी फेसाळ, हवेने भरलेले. त्यामुळे अंग नीट तरंगतही नाही. कयाकवाले मोठमोठ्या खळाळांत शिरतात, पण असा बंधारा दिसला की होडी खांद्यावर घेऊन काठाने चालतात. दिसायला किती साधा असतो हो तो! आणि आपली मुले तेथेच डुंबतात.

कोणी त्यात सापडला तर मागे उडी टाकू नये. काठावरून दोर फेकावा, ट्यूब फेकावी, लांब बांबू पुढे करावा आणि ओढणाऱ्याला मागून दोघांनी धरावे.

गेल्या वर्षी बरगे घातले, त्या दिवशी मी आमच्या बंधाऱ्याच्या खांबाला ६० फूट दोर आणि ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब टांगली. दोन महिन्यांत ट्यूब कोणी तरी नेली. मी दुसरी टांगली आहे.