लेझरआधीचा हिशेब

चष्मा घालवायचं मनात आलं की चौकशी सुरू होते ती दोन प्रश्नांनी : मशीन कुठलं आणि खर्च किती? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा. माझ्या कॉर्नियाची जाडी किती, आणि शस्त्रक्रियेनंतर त्यातली किती उरेल?

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा. मधोमध त्याची जाडी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेझर हा पडदा तासून त्याचा बाक बदलतो, म्हणजे किरण नेमके रेटिनावर एकत्र येतात. तासलेला भाग पुन्हा भरून येत नाही. म्हणून हिशेब आधीच करावा लागतो.

हे तासणं शक्य झालं त्यामागे एक मद्रासी माणूस आहे. 1981च्या नोव्हेंबरात रंगस्वामी श्रीनिवासन यांनी अमेरिकेत, आयबीएमच्या प्रयोगशाळेत, थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर एक्सायमर लेझर चालवून पाहिला. छेद स्वच्छ निघाला, आजूबाजूचं मांस भाजलं नव्हतं. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सहकारी. पुढच्या दहा वर्षांत हा लेझर माणसाच्या डोळ्यापर्यंत पोचला.

आता हिशेब. लॅसिक या लेझर शस्त्रक्रियेत कॉर्नियाचा वरचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, उचलून बाजूला करतात. तो साधारण 110 मायक्रॉनचा. त्याखाली लेझर चालतो आणि मायनस एक नंबरामागे 12 ते 15 मायक्रॉन घेतो. समजा नंबर मायनस सहा आणि जाडी 540 : फ्लॅप वजा केला, नंबराचे 85 वजा केले, तरी खाली 345 उरतात. पुरेसे आहेत. आता मायनस नऊ आणि जाडी 490 घ्या. उरतात जेमतेम 250, आणि 250 ही अगदी किमान मर्यादा मानली जाते. अशा डोळ्याला लॅसिक नको म्हणणारा डॉक्टर तुमचं भलंच करतो.

जाडी पुरेशी असली तरी आकार तपासावा लागतो. त्यासाठी टोपोग्राफी करतात, म्हणजे कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढतात. केरॅटोकोनस या आजारात कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. सुरुवातीला हा आजार लपलेला असतो, आणि अशा डोळ्यावर लेझर झाला तर पुढे नजर वेगाने बिघडू शकते. डोळे सतत चोळायची सवय असेल, घरात कुणाला हा आजार असेल, तर आपणहून सांगा. तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद ठेवा, नाहीतर नकाशाच चुकतो.

लॅसिकखेरीज इतर पर्यायही आहेत. पीआरके या लेझर शस्त्रक्रियेत फ्लॅप नसतो. पातळ कॉर्नियाला ती जास्त मानवते, पण पहिले तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो आणि नजर स्वच्छ व्हायला वेळ लागतो. स्माइल या पद्धतीत दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून कॉर्नियाच्या आतली चकती बाहेर काढतात. नंबर खूपच मोठा असेल तर आयसीएल बघावं : डोळ्याच्या आत, स्वतःच्या भिंगापुढे, एक जादा लेन्स बसवतात. कॉर्निया तासावा लागत नाही आणि गरज पडली तर लेन्स काढताही येते. मात्र डोळ्यात तेवढी जागा हवी, खर्चही जास्त. यातलं काहीच जमत नसेल तर चष्मा आहेच. त्यात कमीपणा कसला?

वय अठराच्या पुढे हवं आणि नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून घाई करू नये. गरोदरपणात तर थांबावंच. शस्त्रक्रियेनंतर काही महिने डोळे कोरडे पडतात, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. बहुतेकांचं हे ओसरतं, सगळ्यांचं नाही. आणि लेझर केला तरी वय झालं की चाळिशी लागतेच.

मोठ्या मायनस नंबरात डोळ्याचा गोळा लांबट झालेला असतो, रेटिना ताणलेला असतो. लेझरने यातलं काहीच बदलत नाही. चष्मा गेला तरी दरवर्षी थेंब टाकून रेटिना तपासून घ्या. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके वाढले किंवा विजा चमकल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शस्त्रक्रियेआधीचा नंबर, जाडी आणि टोपोग्राफीचे कागद हॉस्पिटलकडून मागून घ्या, आणि सांभाळून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना तासलेला कॉर्निया नेहमीचं गणित चुकवतो, आणि तेव्हा सर्जन पहिल्यांदा हेच कागद मागतात.