शेवाळ काढायचं की वाढवायचं?

माशांना घातलेलं खाद्य शेवटी जातं कुठे, हा खाऱ्या पाण्याच्या टाकीचा मूळ प्रश्न आहे. मासे त्यातलं थोडं अंगी लावतात. उरलेलं विष्ठा आणि अमोनिया होऊन पाण्यात येतं. वाळूत, दगडांत वसलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. नवखा हौशी इथे सुटकेचा श्वास टाकतो, पण रूप बदललं म्हणजे घाण गेली असं होत नाही. नायट्रेट टाकीतच साठतं, खाद्यातलं फॉस्फेट तर जिवाणूंना बाहेर काढताच येत नाही. मग पाणी बदला, हा सनातन उपाय. भिवंडीत तो महागात पडतो. एका लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ लागतं. दोनशे लिटरच्या टाकीतलं पाचवा हिस्सा पाणी बदलायचं तर 40 लिटर आरओचं पाणी आणि जवळजवळ दीड किलो मत्स्यालयाचं खास मीठ. खाडी जवळ आहे, तिथून दोन कॅन भरून आणू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नये. कामवारी नदीतून कारखान्यांचं आणि शहराचं सांडपाणी जिथे उतरतं, त्या खाडीचं पाणी टाकीत ओतणं म्हणजे माशांवर प्रयोग करणं. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या कडेलाच उभं राहिलं. भिवंडीतल्या धामणकर नाक्यावरच्या फ्लॅटला ती सोय नाही.

म्हणून शेवाळ. प्रवाळाभोवतीचं पाणी पोषणद्रव्यांनी गरीब, तरी तिथे जीवसृष्टी भरभरून वाढते. त्यात दगडांवरच्या आखूड शेवाळाच्या गालिच्याचा वाटा फार मोठा आहे, हे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर अ‍ॅडी यांनी ओळखलं. लाटेच्या माऱ्याखाली, भरपूर उजेडात हे शेवाळ झपाट्याने वाढतं आणि वाढताना नायट्रोजन, फॉस्फरस अंगात बांधून घेतं. तेच जाळीवर वाढवायचं आणि ठरावीक दिवसांनी खरवडून बाहेर टाकायचं, या कल्पनेचं पेटंट त्यांना 1982 साली मिळालं. हौशी मंडळी त्यालाच अल्गी स्क्रबर म्हणतात. अ‍ॅडींच्या यंत्रात उलटणाऱ्या बादलीने लाट तयार केली जाई. घरच्या रूपात उभ्या जाळीवरून पाण्याचा पातळ पडदा सोडतात, एवढंच.

आणि हे घरचं रूप धामणकर नाक्यासारख्या ठिकाणी बाजारच्या तयार यंत्रापेक्षा सरस ठरावं, असं माझं मत आहे. यात अवघड असं काहीच नाही आणि यंत्रमागांच्या या गावात हाताला सवय असलेले फिटर, इलेक्ट्रिशियन कमी नाहीत. लोकरीची तोरणं भरायला वापरतात ती प्लास्टिकची चौकोनी जाळी घ्यायची. करवतीच्या पात्याने दोन्ही बाजूंनी घासून ती इतकी खरखरीत करायची की बोट फिरवलं तर टोचावं. गुळगुळीत जाळीवरून शेवाळ पहिल्याच आठवड्यात निसटतं. पीव्हीसी पाइपाला लांबीत सरळ चीर पाडून जाळीची वरची कड तीत बसवायची, एक टोक टोपीने बंद, दुसऱ्याला पंप. दोन्ही अंगांनी लाल एलईडी, शक्यतो 660 नॅनोमीटरचे. आकाराचा रूढ हिशेब टाकीच्या लिटरवर नाही, खाद्यावर चालतो: रोज गोठवलेल्या खाद्याचा एक क्यूब घालत असाल तर दोन्हीकडून उजळलेली साधारण 8 बाय 10 सेंटीमीटर जाळी. दहा सेंटीमीटर रुंदीला ताशी पाचशे लिटरच्या आसपास प्रवाह हवा. सुरुवातीचे काही आठवडे तपकिरी बुळबुळीत थर येतो. हिरवे केस नंतर दिसतात. धीर सुटतो तो याच काळात.

आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या मत्स्यालयाची प्रचंड प्रवाळ-टाकी 1987 साली याच पद्धतीवर सुरू झाली आणि पुढे तिथे ती सोडून दिली गेली. शेवाळ पाण्यात सेंद्रिय द्रव्यं सोडतं, पाणी पिवळसर होतं, ही तक्रार जुनीच आहे. पण थर जाड होऊन मुळाशी कुजला की ती सर्वांत जास्त जाणवते. आठ-दहा दिवसांनी जाळी काढून नळाखाली खरवडली, मुळाचा पातळ थर राहू दिला आणि थोडा सक्रिय कोळसा ठेवला तर घरगुती टाकीत ती आवाक्यात राहते. शिवाय आपली टाकी टाउन्सव्हिलची नव्हे. भारतात कठीण प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण असल्याने कायद्याने वागणाऱ्याची टाकी मुख्यतः माशांचीच असते. मासे जास्त म्हणजे खाद्य जास्त, आणि नेमकं तिथेच स्क्रबर उपयोगी पडतो. मासे तर नायट्रेट बरंच सोसतात, मग एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. सोसतात हे खरं. पण जाळीवर वाढू न दिलेलं शेवाळ काचेवर वाढतंच. प्रोटीन स्किमरवाल्यांचं म्हणणं अधिक वजनदार आहे: स्किमर सेंद्रिय घाण कुजण्याआधीच फेसात ओढतो, पाण्याला हवाही देतो. मात्र विरघळलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट त्याच्या हाती लागत नाही. खिसा परवानगी देत असेल तर दोन्ही ठेवावेत.

खरा घोर विजेचा. पंप थांबला की पडदा तुटतो, आणि उन्हाळ्यात काही तासांत जाळी वाळून शेवाळ मरतं. स्क्रबरचा पंप लहान असतो, तो घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालतो. दिव्यांची तेवढी घाई नसते. इन्व्हर्टर नसेल त्याने उभ्या पडद्याचा हट्ट सोडून पाण्यातच बुडालेली, खालून हवेचे बुडबुडे सोडलेली जाळी करावी. ती वीज गेली तरी ओली राहते. दिवे टाकीच्या दिव्यांच्या उलट वेळी, रात्री लावले तर रात्री वाढणारा कार्बन डायऑक्साइड शेवाळ ओढून घेतं आणि पीएच फारसा घसरत नाही. एक खर्च मात्र कुठल्याच रचनेत वाचवू नये: खारे शिंतोडे उडणाऱ्या जागी वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबती ठेवून वर न्यावी आणि त्या सर्किटला आरसीसीबी असावा.